चर्चच्या आवारातील जुन्या कबरींची देखभाल श्रमदानातून कशी करावी?

मोहननगरकर (प्रश्न)

सप्रेम जय ख्रिस्त आणि नमस्कार. नागपुरातील एका जुन्या मराठी मंडळीच्या पास्टरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, मी सभासद आहे. आमच्या चर्चच्या मागे सुमारे दीड एकराचे आवार असून त्यात दगडी आणि चुना-विटांच्या मिळून साडेतीनशेच्या आसपास कबरी दिसतात. ‘दिसतात’ असे म्हणतो, कारण पावसाळा सरेपर्यंत गाजरगवत कमरेएवढे होते आणि आत नेमके किती दगड आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या बाजूच्या कबरी आमच्याच मंडळीतील कुटुंबांच्या आहेत. त्यांवर ‘प्रभूमध्ये विसावली’ अशी मराठी अक्षरे आहेत. मागच्या भिंतीकडे इंग्रजी अक्षरांचे जुने दगड आहेत, त्यांत रेल्वेतील नोकरदार बरेच आहेत, आणि त्यांचे वारस आता नागपुरात उरलेले नाहीत. येथे नवीन दफन होणे केव्हाच थांबले, त्यामुळे लोकांचे येणे-जाणेही ईस्टरच्या पहाटेपुरते राहिले आहे.

गेल्या वर्षी आम्ही एका ठेकेदाराला सफाईचे काम दिले. त्याने जेसीबी आत घातला, दोन कबरींचे कठडे फोडले आणि दगड न्हाणीघर धुण्याच्या ॲसिडने चकचकीत करून दिले. त्यातील एका संगमरवरी दगडावरचे नाव मी लहानपणापासून वाचत आलो होतो; आज त्यावरून बोट फिरवले तर अक्षरांच्या कडा हाताला लागत नाहीत. पैसे गेले त्यापेक्षा याचे वाईट अधिक वाटते, कारण काम आमच्यासमोर चालले होते आणि आम्ही सगळे ‘किती स्वच्छ झाले’ म्हणत उभे होतो.

कमिटीकडे या कामासाठी वर्षाला वीस-पंचवीस हजारांपलीकडे रक्कम निघत नाही. म्हणून यंदा मंडळीतील लोक, शेजारच्या वसाहतीतील रहिवासी आणि जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी यांच्या श्रमदानातून काम करावे असा विचार आहे. उत्साह आहे, पण उत्साहानेच आणखी नुकसान होईल ही भीतीही आहे. सुरुवात कुठून करावी, दगडांना हात लावावा की नाही, आणि लोक दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही येत राहावेत यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

चुना-विटा

नमस्कार. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, म्हणून दगडाबद्दल तेवढे लिहितो.

सर्वांत आधी ॲसिड, तारेचा ब्रश, पॉलिशचे चाक आणि सिमेंट या चार गोष्टींना फाटकाबाहेर ठेवावे. संगमरवर हा मुळात चुनखडीचाच दगड असल्याने ॲसिड त्याचा मळ काढत नाही, त्याचा वरचा थरच विरघळवते. तुमच्या बोटाला कडा लागत नाहीत त्या याच कारणाने, आणि त्या परत आणता येत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या कबरींत काळा बेसाल्ट आणि कामठीकडचा वालुकाश्मही दिसतो. बेसाल्ट पुष्कळ सोसतो, वालुकाश्म मात्र भुसभुशीत असतो आणि नुसत्या कडक ब्रशानेही झडतो. धुणे अगदी आवश्यकच वाटले तर साधे पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि शेवाळ खरवडायला बांबूची चपटी काडी एवढेच वापरावे. साबणसुद्धा नको. दगडावरचे करडे-पिवळे दगडफूल अनेकदा काही बिघडवत नाही, ते राहिले तर राहू द्यावे.

सिमेंटबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘फट पडली आहे, मसाला भरून टाकू’ असे म्हणणारा मदतनीस प्रत्येक श्रमदानात भेटतो आणि तो मनापासूनच बोलत असतो. चुन्यातील सांधा दगडापेक्षा मऊ आणि पाणी सोडणारा असतो. पावसाळ्यात आत शिरलेला ओलावा त्या सांध्यातून निघून जातो. तेथे सिमेंट भरले की ओलाव्याला वाट राहत नाही, तो दगडाच्या अंगातून बाहेर पडू लागतो, सोबत क्षार घेऊन येतो, आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट शाबूत राहते आणि दगड जातो. म्हणून सांधे भरायचे तर चुन्यानेच, तेही चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडून, दिवाळीनंतर. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा चुना धरण्याआधीच वाळतो आणि त्याचा भुगा होतो. थंडीतही त्यावर आठवडाभर ओले बारदान ठेवावे लागते.

कललेले दगड पाहून लोकांचे हात शिवशिवतात. ते का कलतात हे आधी समजून घ्यावे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षानुवर्षे असे वर-खाली होत गेल्यावर उभा दगड सरळ कसा राहील? पाण्याचा निचरा न सुधारता तो सरळ केला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा कलतो, आणि खाली काँक्रीट ओतून केला तर बुडाशी मोडतो. थोडा कललेला दगड धोक्याचा नसतो. मात्र हलका हात लावताच डुगडुगणारा दगड लहान मुलांच्या अंगावर येऊ शकतो, म्हणून श्रमदानाच्या आदल्या दिवशी जाणत्या माणसाने प्रत्येक उभा दगड तपासावा आणि डुगडुगणाऱ्यांभोवती दोरी बांधावी. तो आडवा करण्याचा निर्णय नंतर, कमिटीने घ्यावा.

कबरींच्या फटीत उगवलेले पिंपळ ओढून काढू नयेत, कारण मुळासोबत चौथऱ्याचा दगडही निघतो. बुंधा जमिनीलगत कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावावे आणि मूळ आतल्या आत मरू द्यावे. कुणीतरी मीठ टाकायला सांगेल. त्याला चहा द्यावा, पण मीठ घेऊ नये. तेच मीठ दगडात शिरते.

सेवानिवृत्त शिक्षिका, सदर

सप्रेम जय ख्रिस्त. दगडाचे सांगून झाले, मी वहीचे सांगते, कारण माझ्या मते काम तेथूनच सुरू व्हायला हवे.

विळा हातात घेण्याआधी आवाराचा कागदावर साधा नकाशा काढावा, भिंतीपासून ओळींना अ, आ, इ अशी अक्षरे आणि प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा. मग एका माणसाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे आणि तिसऱ्याने दगडाचे समोरून छायाचित्र घ्यावे. दगडावर जसे आहे तसेच लिहावे, शुद्धलेखनही सुधारू नये. ‘कृस्तवासी’ असे कोरले असेल तर तसेच उतरवावे. जे वाचता येत नाही तेथे टिंबे द्यावीत, अंदाजाने नाव भरू नये. आमच्या एका जुन्या यादीत कुणीतरी अंदाजाने आडनाव भरले होते, आणि त्या आडनावाचे कुटुंब आज ती कबर आपली समजून दरवर्षी तिच्यावर फुले ठेवते. आता त्यांना सांगणार तरी कोण?

पुसट अक्षरांवर खडू, पीठ किंवा चुना चोळण्याची पद्धत आहे, ती बंद करावी. त्याऐवजी मोठा आरसा घेऊन उन्हाचा कवडसा दगडाच्या बाजूने, अगदी तिरका टाकावा. खोलगट भागात सावली पडते आणि समोरून कोरा दिसणारा दगड एकदम बोलू लागतो. संध्याकाळी हेच विजेरीने होते. एकदा एका दगडावर आम्हाला केवळ ‘वय 3 म’ एवढेच दिसत होते; आरसा फिरवल्यावर खाली ‘हिने’ आणि त्याखाली आईचे नाव निघाले. तीन महिन्यांची मुलगी होती ती.

ही यादी चर्चच्या दफन नोंदवहीशी ताडून पाहावी. इंग्रजी काळातील अनेक दफन-नोंदींच्या प्रती तेव्हा वरिष्ठ कार्यालयांमार्फत लंडनला जात असत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. दक्षिण आशियातील अशा जुन्या कब्रस्तानांसाठी 1976 साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ‘बॅक्सा’ ही संस्था याद्या जमवते. तुमची यादी नीट झाली तर एक प्रत त्यांना पाठवावी. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये आली आणि 1887 मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तेव्हा मागच्या भिंतीकडच्या दगडांवर त्यानंतरच्या काळातील इंजिनचालक, गार्ड आणि त्यांची बाळे सापडणे स्वाभाविक आहे. त्यांचे पणतू आज पर्थला किंवा लंडनला बसून त्यांना शोधत असतात, आणि दगड वाचवण्यासाठी पहिला मदतीचा हात पुष्कळदा तिकडूनच येतो.

आणखी एक. एखादा दगड सैनिकाचा असेल आणि मृत्यू 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 किंवा 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातील असेल, तर त्याला हात न लावता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनला कळवावे. मध्य आणि पश्चिम भारतात ज्या कबरींची कायमची निगा राखण्याची खात्री नव्हती, त्या दुसऱ्या महायुद्धातील कबरी पुण्याजवळ खडकीला हलवल्या गेल्या, म्हणून तुमच्याकडे असा दगड असण्याची शक्यता कमी आहे. तरी पाहून घ्यावे.

तरोटा

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतो. तुमच्या प्रश्नातील विद्यार्थ्यांचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे. योजनेतील प्रत्येक स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास, म्हणजे वर्षाला 120 तास काम करायचे असते, आणि प्रत्यक्षात त्यांना रॅली व पथनाट्याखेरीज काम मिळत नाही. तुम्ही प्राचार्यांच्या नावे पत्र दिले, शनिवारच्या सकाळी तीन तास ठरवले आणि उपस्थितीवर सही दिली, तर वीस मुले हमखास मिळतील. मात्र पन्नास मागू नका. पन्नास मुलांना एका माणसाला सांभाळता येत नाही आणि त्यातील तीस जण छायाचित्रे काढत बसतात.

गाजरगवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. एका झाडापासून हजारो बिया होतात, तेव्हा ऑक्टोबरमध्ये पांढरी फुले आलेले गवत विळ्याने कापणे म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी करणेच आहे. ज्यांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांना या कामात घेऊ नये, त्यांना वहीवर बसवावे. 1984 मध्ये मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात ही पाने खातो. पानांवर पिवळसर, तपकिरी नागमोडी पट्ट्यांचे भुंगे दिसले तर ते मारू नका. रिकाम्या झालेल्या जागी तरोट्याचे बी फेका. तो पावसात भराभर वाढून गाजरगवताला जागा देत नाही, शिवाय कोवळा असताना त्याची भाजीही होते, हे विदर्भातल्या माणसाला मी सांगायला नको. घाणेरी, जिला आपण रायमुनिया म्हणतो, ती कुदळ-टिकासने खोडासकट काढावी लागते. पण कबरीला चिकटलेली असेल तर तेथे फक्त कात्री.

काढलेला कचरा पेटवू नये. आगीच्या उष्णतेने दगड तडकतात. एका कोपऱ्यात खड्डा करून पालापाचोळा कुजवावा. गाजरगवत फुललेले असेल तर मात्र त्यात टाकू नये.

आता एक विनंती, जी कदाचित पटणार नाही. सगळे आवार क्रिकेटच्या मैदानासारखे करू नका. इंग्लंडमधील अनेक चर्चच्या आवारांत आता काही भागातले गवत फुलून बी पडेपर्यंत मुद्दाम उभे ठेवतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीला एकदाच कापून उचलून नेतात. तुमच्या मागच्या भिंतीकडे देशी गवताचा एक पट्टा असाच राहिला तर मुनिया, फुलपाखरे आणि सरडे यांना शहरात एवढी तरी जागा उरेल.

एक मुलगी

वरील सूचना वाचल्या. माझी आई त्याच प्रकारच्या एका आवारात आहे. गवत आणि फुलपाखरे मला कळतात, परंतु मी पंच्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या कबरीपर्यंत पोहोचण्यासाठी मला नातवाच्या हाताला धरून गवतातून काठी आपटत जावे लागते. ज्यांची माणसे तेथे आहेत त्यांना आधी विचारावे, एवढेच म्हणणे आहे.

तरोटा

ताई, आपले म्हणणे रास्त आहे आणि मी ते आधी लिहायला हवे होते. ज्या कबरींना कुणी भेट देते तो भाग आणि फाटकापासून तेथवरची चार फुटी वाट वर्षभर साफ ठेवावी. गवताचा पट्टा फक्त भिंतीकडच्या बेवारस भागात ठेवावा, तोही फेब्रुवारीपूर्वी कापून टाकावा, म्हणजे उन्हाळ्यात वणव्याची भीती राहत नाही. काठीचा विषय आपणच काढलात म्हणून सांगतो: पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दोन फेऱ्यांना एखाद्या सर्पमित्राला सोबत घ्यावे, सर्वांनी बूट घालावेत आणि कबरीच्या फटीत कुणीही हात घालू नये. काही झालेच तर मांत्रिकाकडे किंवा खासगी दवाखान्यांच्या फेऱ्यांत वेळ न घालवता सरळ मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे, आणि गाडी कोणाची न्यायची हे सकाळीच ठरवून ठेवावे.

कागदपत्रे पाहणारा

थोडक्यात लिहितो. चर्चची जागा सहसा नोंदणीकृत ट्रस्टच्या नावे असते, म्हणून कामाची परवानगी कमिटीच्या ठरावात आणि ट्रस्टच्या लेखी पत्रात असावी. पाळकसाहेब तोंडी ‘हो’ म्हणाले, एवढ्यावर थांबू नये. इंग्लंडमध्ये बंद झालेल्या चर्च-आवाराची देखभाल 1972 च्या कायद्याने स्थानिक परिषदेकडे सोपवता येते, आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये धर्मप्रांताच्या ‘फॅकल्टी’ नावाच्या परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही. यातील पहिली सोय आपल्याला नाही. दुसरी शिस्त मात्र स्वतःला लावून घेता येते. ‘लेखी ठरावाशिवाय एकही दगड हलवायचा, रंगवायचा किंवा दुरुस्त करायचा नाही’ हे एक वाक्य इतिवृत्तात घालून घ्या. गेल्या वर्षी ते असते तर जेसीबी फाटकातच थांबला असता.

झाड तोडायचे तर महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 1975 चा राज्याचा कायदा खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे. वर्गणी चर्चच्या खात्यातच, पावती देऊन, वेगळ्या शीर्षाखाली घ्यावी. कुणाच्या फोनवर पैसे मागवू नयेत. पन्नास रुपयांच्या खराट्यावरून मंडळीत फूट पडलेली मी पाहिली आहे.

मोहननगरकर

सर्वांचे मनापासून आभार. विळे आणायचे आधी ठरले होते. ते रद्द करून गेल्या शनिवारी फक्त वही, फीत आणि आरसा घेऊन गेलो. तिघांची कमिटी, महिला मंडळाच्या पाच भगिनी, वसाहतीतील रोज सकाळी फिरायला येणारे दोन काका आणि महाविद्यालयाची चार मुले, असे चौदा जण झालो. काकांपैकी एकांनी, ‘गाडगेबाबांच्या विदर्भात खराटा हातात घ्यायला परवानगी कशाला लागते?’ असा मिश्कील प्रश्न केला; त्यांना ठराव वाचून दाखवला, तेव्हा त्यांनीच दोरी घेऊन डुगडुगणारे दगड बांधण्याचे काम मागून घेतले. असे सात निघाले.

तीन तासांत पहिल्या दोन ओळींच्या 41 कबरी नोंदल्या गेल्या. माझा अंदाज तीस होता. अकरा आडवे दगड गवताखाली मातीत गेले होते आणि ते पायालाच लागले. ॲसिडने खाल्लेल्या त्या संगमरवरी दगडावर मी स्वतः आरसा धरला. नाव गेले आहे, पण सर्वांत खालची ओळ खोल कोरलेली असावी. तेथे महिना आणि वर्ष वाचता आले. नाव मला पाठ आहे, तरी वहीत टिंबेच दिली आणि समासात ‘स्मरणावरून’ असे लिहून पुढे सही केली.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. महिला मंडळाला पुढच्या ओळींतील कबरींना चुना लावायचा आहे, आणि ती दरवर्षीची रीत आहे.

चुना-विटा

विटांवर गिलावा केलेल्या कबरींना खुशाल चुना लावावा, त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे. पातळ हात द्यावेत आणि डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट नको. कोरलेल्या दगडांना मात्र लावू नये, कारण दरवर्षीच्या हातांनी अक्षरे बुजत जातात. दोन्ही प्रकार शेजारी असतील तर चुना लावायच्या कबरींच्या क्रमांकांची यादी वहीवरून काढून त्या भगिनींच्या हाती द्यावी, म्हणजे ऐनवेळी वाद होणार नाही.

मोहननगरकर

तसेच करतो. पहिल्या दोन ओळींत चुना-विटांच्या 17 कबरी आहेत, त्यांची यादी आज रात्री महिला मंडळाच्या चिटणीसांना देतो. वरच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे, ज्या कुटुंबांचा पत्ता आहे त्यांना रविवारी उपासनेनंतर विचारून घेऊ, आणि चार फुटी वाट सर्वांत आधी साफ करू. शनिवारी सकाळी सात वाजता मागच्या भिंतीची पहिली ओळ घ्यायची आहे. आमचा आरसा न्हाणीघरातला, हातभर लांबीचा आहे आणि भिंतीकडे कडुनिंबाची सावली असते. कुणाकडे कपाटाच्या दाराचा मोठा आरसा पडून असेल तर त्यांनी घेऊन यावे, रिक्षाभाडे कमिटी देईल.